वर्षातून एकदाच येणारे खर्च आधी धरा

रोजचा पै न् पै खर्च वहीत लिहा, हा नेहमी दिला जाणारा सल्ला योग्यच आहे. पण नुसतं लिहून महिनाअखेरची ओढाताण थांबत नाही. घराचं गणित बहुतेक वेळा विम्याचा हप्ता, शाळेची फी, गाडीची दुरुस्ती अशा वर्षातून एक-दोनदाच येणाऱ्या खर्चांनी कोलमडतं. गेल्या १२ महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढून हे खर्च वेगळे करा. बेरजेत भाववाढीसाठी १० टक्के मिळवा आणि १२ने भागा. येईल ती रक्कम पगार झाला की त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात वळवा. महिनाअखेरीस उरेल ते टाकू म्हटलं तर काही उरत नाही.

पहिल्या वर्षी एक घोळ हमखास होतो. फी ४ महिन्यांवर आली असेल तर १२ने भागून भागत नाही, ४नेच भागायला हवं. तेवढे महिने हात आखडता घ्यावा लागतो, पुढे सुरळीत होतं.

क्रेडिट कार्डाची 'किमान रक्कम', म्हणजे बिलातला भरावाच लागणारा छोटा हिस्सा, तेवढी भरून निश्चिंत होऊ नका. दरमहा ३ टक्के चक्रवाढ व्याजाने न फेडलेली रक्कम २ वर्षांत दुप्पट होते. शिवाय थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीवरही सहसा पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

आणि घरातल्या प्रत्येकाला थोडे पैसे बिनहिशोबी द्याच. तेवढी मोकळीक नसेल तर वही दोन महिन्यांत बंद पडते.