गारुम सडकं नव्हतं

पुढे ढकलत आलेला एक मजकूर तुम्हीही वाचला असेल: रोमन लोक माशांची आतडी सडवून गारुम नावाचा रस करत, खराब मांसाची दुर्गंधी झाकायला गरीब-श्रीमंत सगळे तो ओतून घेत, आणि त्याच्या वासामुळे कारखाने शहराबाहेर हाकलले होते. एवढ्याशा मजकुरात इतक्या चुका बसवायला कसब लागतं.

आधी 'सडवून'. मासा सडतो जंतूंमुळे. गारुमच्या टाकीत मीठच एवढं असे की सडवणाऱ्या जंतूंचं काही चालत नसे. लहान मासे आणि मोठ्या माशांची आतडी मिठात घालून उन्हात मुरवत; आतड्यांतले पाचकरसच मांस विरघळवत. वरचं पातळ ते गारुम, तळाचा गाळ म्हणजे आलेक. बांगडा खारवणाऱ्या कोकणातल्या घरात हे समजावून सांगावं लागू नये. कुजण्याची भाषा मुळात पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीची, हे खरं. पण त्याच वाक्यात तो याला उंची रस म्हणतो. लोकांनी अर्धंच वाक्य उचललं.

दुर्गंधी झाकायला? प्लिनीच सांगतो की स्पेनमधल्या कार्ताहेनाकडचं सर्वांत नावाजलेलं गारुम दोन काँजियस, म्हणजे सुमारे साडेसहा लिटर, जवळजवळ १००० सेस्टर्सना (सेस्टर्स म्हणजे रोमन नाणं) जाई. तेव्हा साध्या रोमन शिपायाचा वर्षाचा पगार होता ९०० सेस्टर्स. एवढे पैसे मोजणारा शिळं मांस कशाला घरी आणेल? रोमन खवय्या आपिकियसच्या नावावरच्या पाककृतींत मीठ क्वचित दिसतं, माशाचा रस मात्र जिथे तिथे, अगदी नाशपातीच्या गोड पदार्थातसुद्धा. तो मिठाच्या जागी होता, आणि चवीसाठी होता.

'सगळे तेच खात' हेही नाही. ऑलिव्ह संपले की गुलामांना आलेक आणि व्हिनेगर द्या, असं शेतीवर लिहिणारा रोमन लेखक केटो लिहून ठेवतो. वरचा रस धन्याच्या ताटात, गाळ गुलामाच्या.

राहिली हकालपट्टी. स्पेनच्या दक्षिण टोकाला बाएलो क्लॉदियामध्ये मासे खारवायच्या दगडी टाक्या आजही दिसतात, समुद्राला लागून, पण गावातच. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या इटलीतल्या पोम्पेईत तर गारुमचं दुकान भर वस्तीत सापडलं, रांजणांच्या तळाशी माशांचे काटे तसेच. वास येत असणारच; रोमन तत्त्वज्ञ सेनेकाला हा रस मुळीच आवडत नसे आणि त्याने तसं लिहिलंही. पण पोम्पेईतला गारुमचा बडा व्यापारी औलुस उंब्रिकियुस स्काउरुस याला त्याची लाज नव्हती. घराच्या दर्शनी दालनातल्या फरशीवर त्याने आपल्या मालाच्या बरण्या मोझाइकमध्ये बसवून घेतल्या, वर स्वतःच्या नावाची जाहिरात. त्याचा मुलगा गावच्या सर्वोच्च पदावर, दुउमविर म्हणून, निवडून आला. हा मुलगा वारला तेव्हा नगरसभेने अंत्यविधीला २००० सेस्टर्स मंजूर केले आणि फोरममध्ये, म्हणजे गावच्या मुख्य चौकात, त्याचा अश्वारूढ पुतळा उभारायचं ठरवलं.