‘केज म्हणजे नुसता शो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर रोल केजबद्दल, म्हणजे गाडी उलटली तरी छप्पर दबू नये म्हणून आत बसवतात त्या नळ्यांच्या सांगाड्याबद्दल, एक मेसेज जोरात फिरतोय. विषय ड्रॅगचा, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या अंतराच्या शर्यतीचा. सार असं: ‘ड्रॅगला गाडी सरळ पळती, पलटी कशाला हुईल? केजनं वजन वाढतं, टायमिंग जातं. नव्या गाडीत एअरबॅग हायत, त्या बास. आणि नियमासाठी घालायचंच असलं तर उद्यमनगरात दीड इंची जीआय पाईपचं दोन दिवसांत करून मिळतंय. एकदा घातलं की बायपासला पण टेन्शन नाही.’ वीस-बावीस वर्षांची पोरं हे वाचून गाड्या बांधायला घेतात, म्हणून एकेका वाक्याचं उत्तर देतो.

‘गाडी सरळ पळती.’ पळावी असं सगळ्यांनाच वाटतं. पण ताकद वाढवलेल्या गाडीत दोन्ही चाकांना एकसारखी पकड मिळेल याची खात्री नसते. एक चाक फिरत राहतं, दुसरं अचानक धरतं आणि गाडी बाजूला खेचली जाते. आपल्याकडं ड्रॅग बहुधा विमानाच्या धावपट्टीवर होतात, लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीसारख्या. धावपट्टीच्या कडेला माती असते. आडव्या घसरणाऱ्या गाडीचं चाक मातीत रुतलं की ती उलटते, त्याला भिंतसुद्धा लागत नाही. शिवाय वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. ताशी १०० किलोमीटरला जे छप्पर टिकलं ते २०० ला टिकेल असं धरून चालता येत नाही.

आणि गाडी न उलटताही माणूस जातो. मार्च २००७ मध्ये अमेरिकेत गेन्सव्हिलच्या ट्रॅकवर ड्रॅग रेसर एरिक मेडलेन फनी कारची (ड्रॅगच्या एका अतिवेगवान वर्गातल्या गाडीची) चाचणी घेत होता. टायर बिघडून गाडी इतकी हादरली की त्याचं डोकं केजच्या नळ्यांवर आपटत राहिलं, आणि काही दिवसांनी तो गेला. त्यानंतर त्या वर्गातल्या गाड्यांमध्ये डोक्याभोवतीची जागा आणि पॅडिंग दोन्ही वाढवलं. केज होतं, पण डोकं आणि नळी यांच्यामधलं अंतर आणि मऊपणा कमी पडला. पॅडिंग ‘नंतर बघू’ म्हणून ठेवणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

केज सगळ्यांना लागतं का? नाही. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेस घेणाऱ्या संस्थेच्या नियमांत पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाडीला रोल बार, म्हणजे ड्रायव्हरच्या मागची नळीची कमान, लागतो. फ्लोअर-बॉडी मूळचीच असलेल्या गाडीची वेळ ९.९९ सेकंद किंवा त्याहून कमी असेल, किंवा वेग ताशी १३५ मैलांवर, म्हणजे साधारण २१७ किलोमीटरवर जात असेल, तर पूर्ण केज. उघड्या टपाच्या गाडीला रोल बार १३.४९ सेकंदांपासूनच. कारखान्यातून आली तशीच ठेवलेल्या नव्या मॉडेलांना काही सवलत आहे. १० सेकंदांच्या आतल्या गाडीची चॅसी दर तीन वर्षांनी तपासून घ्यावी लागते. आपल्याकडं एफएमएससीआय या भारतातल्या मोटारस्पोर्ट संघटनेच्या मान्यतेनं होणाऱ्या स्पर्धेत त्या स्पर्धेचं नियमपत्रक आधी वाचायचं, कारण स्क्रुटिनीला, म्हणजे शर्यतीआधीच्या गाडीच्या तपासणीला, तेच चालतं. चौदा सेकंदांची बंद टपाची हॅचबॅक असेल तर केजपेक्षा चांगलं हेल्मेट, टायर आणि ब्रेकवर पैसे घाला, असं मीही सांगेन. पण मोठा टर्बो बसवून, रिमॅप करून (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून) साडेअकराच्या आत जायचं स्वप्न असेल तर रोल बारचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा.

आता वजन आणि जीआय पाईप हे दोन मुद्दे एकत्रच घेतो, कारण ते एकमेकांना कापतात. एफआयए या जागतिक मोटारस्पोर्ट संस्थेच्या नियमात मुख्य हूपला, म्हणजे ड्रायव्हरच्या मागच्या मोठ्या कमानीला, ४५ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि २.५ मिलिमीटर जाडीची थंड ओढलेली सीमलेस, म्हणजे बिनशिवणीची, नळी चालते. तिचं वजन मीटरला सुमारे २.६ किलो. दीड इंची मीडियम जीआय पाईप, म्हणजे जस्त चढवलेला पाण्याचा पाईप, घ्या. तो ‘दीड इंची’ म्हणतात ते आतल्या मापावरनं, बाहेरनं तो ४८ मिलिमीटरच्या वर भरतो, जाडी ३.२. वजन मीटरला साडेतीन किलो. एका हॅचबॅकला पंधरा मीटर नळी धरली तर सीमलेसचं केज ३९ किलोचं आणि जीआयचं ५३ किलोचं. वजनाची काळजी करणाऱ्या मेसेजनं जड पाईप सुचवला आहे! टायमिंगचं म्हणाल तर ड्रॅगवाल्यांचा जुना अंदाज असा, की ४५ किलोला पाव मैलात एक दशांश सेकंद. म्हणजे नीट बनवलेल्या केजची किंमत एक दशांशाच्या आत. त्याबदल्यात बॉडीचं पिळणं कमी होतं.

जीआयचा खरा दोष वजन नव्हे. तो पाईप पाणी वाहायला बनवतात, गाडी डोक्यावर घ्यायला नाही. लांबीभर शिवण असते आणि ती कुठल्या बाजूला आली हे वाकवताना कुणी बघत नाही. वर जस्त. पोलाद वितळायच्या कितीतरी आधी, ९०० अंशांच्या जरा पुढं, जस्ताची वाफ होते, ती वेल्डमध्ये अडकून पोकळ्या करते आणि वेल्डरला रात्री थंडीताप आणते. उद्यमनगरात हे कुणाला शिकवायची गरज नाही. जिथं ऑइल इंजिनाचे सुटे भाग घडले, तिथले हात केज उत्तम बनवू शकतात. फक्त त्यांना माल आणि ड्रॉइंग बरोबर द्या.

चुका होतात त्या नेहमीच्या ठिकाणी. वाळू भरून, गॅसनं तापवून नळी वाकवतात. ती थंड वाकवायची असते, आणि वाकाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट. केजचा पाय थेट फ्लोअरच्या पातळ पत्र्यावर वेल्ड करतात. धक्क्यात तो पत्रा फाडून खाली जातो. एफआयए तिथं किमान ३ मिलिमीटर जाड, १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट मागते. क्रोमोलीच्या (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या) नळीला एनएचआरए फक्त टिग, म्हणजे आपलं आर्गन वेल्डिंगच मान्य करते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘फिनिशिंग’साठी वेल्डवर ग्राइंडर फिरवणं. गुळगुळीत दिसतं, पण सांध्यातला मालच निघून जातो. एनएचआरएच्या नियमात वेल्ड घासायला बंदीच आहे.

‘एअरबॅग हायत, त्या बास.’ एअरबॅग एकदा फुगते आणि रिकामी होते. गाडी तीन कोलांट्या खाते तेव्हा छप्पर धरून ठेवणं हे तिचं कामच नाही. उलट खिडकीवरच्या कर्टन एअरबॅगच्या वाटेत केजची नळी आली तर ती नीट उघडणारही नाही.

शेवटचं वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. बायपासला कुणी हेल्मेट घालून, पाच पट्ट्यांचा हार्नेस बांधून जात नाही. साध्या बेल्टमध्ये शरीर हलतं, आणि उघड्या डोक्याशेजारी लोखंडी नळी असते. ट्रॅकवर जीव वाचवणारी तीच नळी साध्या धडकेत कवटी फोडते. केज, हार्नेस, पक्की सीट, पॅडिंग आणि हेल्मेट हे एकत्रच काम करतात. कायद्याचंही आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं मूळ रचनेत असे बदल मनाप्रमाणं करता येत नाहीत, आणि कलम १८९ प्रमाणं रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. केजवाली गाडी ट्रॅकपर्यंत ट्रेलरवर न्या.

ज्यांना केज करायचंच आहे त्यांनी नळी घेताना टेस्ट सर्टिफिकेट मागा, ते नसेल तर दुसरं दुकान बघा. रंग मारायच्या आधी प्रत्येक सांध्याचे फोटो काढून ठेवा आणि स्क्रुटिनीला दाखवा. आणि हूपची उंची ठरवताना हेल्मेट घालून सीटवर बसा: एनएचआरएला हेल्मेटच्या वर किमान तीन इंच हवेत.