तीन एल्फिन्स्टन एकाच फॉरवर्डमध्ये

"काबूलहून परतलेल्या एल्फिन्स्टनने पेशवाई बुडवली, मुंबईचा गव्हर्नर होऊन कॉलेज काढलं, अस्पृश्यांना शाळेची दारं उघडली, एल्फिन्स्टन रोड स्टेशन त्याच्याच नावाचं." हा फॉरवर्ड होत फिरणारा मजकूर भाचीच्या शाळेच्या वहीत जसाच्या तसा उतरलेला दिसला. आता गप्प बसवत नाही.

ही तीन वेगळी माणसं आहेत. पेशवाई बुडवणारा माउंटस्टुअर्ट. तो १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर होता. १८०९ साली त्याने अफगाणिस्तानचा राजा शाह शुजाची भेट घेतली ती पेशावरला, काबूलला तो पोचलाच नाही. काबूलमधली इंग्रज फौज गमावणारा जनरल विल्यम हा त्याचा चुलतभाऊ, १८४२ च्या एप्रिलमध्ये अफगाणांच्या कैदेत मेला. शुजाला पुन्हा गादीवर बसवायच्या त्या इंग्रज मोहिमेआधी, १८३८ मध्ये, माउंटस्टुअर्टनेच पत्रातून बजावलं होतं की काबूल घेता येईल, पण त्या थंड, गरीब, दूरच्या मुलखात शुजाला टिकवणं जमणार नाही. आणि स्टेशन, म्हणजे आजचं प्रभादेवी, माउंटस्टुअर्टचा पुतण्या लॉर्ड जॉन याच्या नावाचं. तो १८५३ ते १८६० गव्हर्नर होता.

कॉलेजसाठी माउंटस्टुअर्टच्या निरोपाच्या वेळी मुंबईकरांनी वर्गणी काढली. नाव त्याचं, पैसा लोकांचा. वर्ग भरू लागले तोवर तो विलायतेला जाऊन काही वर्षं झाली होती.

खरा संताप येतो तो अस्पृश्यांच्या शिक्षणाच्या वाक्याचा. मराठी शालेय पुस्तकं छापायला त्याने पाठबळ दिलं, हे मान्य करायलाच हवं. पण १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात निघालेली संस्कृत पाठशाळा ब्राह्मणांसाठी होती आणि तिला पैसा ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या रकमेतला. १८२३ च्या शिक्षणविषयक टिपणात तर तो स्पष्टच लिहितो: खालच्या जातींची मुलं उत्तम विद्यार्थी ठरतात असं मिशनऱ्यांना आढळलं आहे, पण त्यांना खास उत्तेजन देताना जपून. शिक्षण आधी त्यांच्यात रुजलं तर ते पुढे पसरणार नाही. राज्य नुसत्या फौजेवर किंवा प्रजेच्या एका भागाच्या निष्ठेवर टेकवायचं असेल तर असं झालेलं चालेल, सत्तेचा पाया रुंद करायचा असेल तर नाही. म्हणजे मुलांच्या कुवतीबद्दल त्याला शंका नव्हती. हिशेब राज्य टिकवण्याचा होता. हेच टिपण डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढच्या निवेदनात उद्धृत केलं आहे. फॉरवर्ड करणाऱ्यांनी तेवढं तरी वाचावं.

'मग पुतण्याने दारं उघडली असतील' असंही कुणी म्हणेल. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्याने अर्ज केला. मुंबई सरकारने न्याय त्याच्या बाजूचा असल्याचं मान्य करूनही प्रवेश दिला नाही. गव्हर्नर लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनच होता. आणि जोतिराव फुल्यांनी पुण्यात महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढली होती ती त्याच्या चार वर्षं आधी, १८५२ साली.