शीड, गळ आणि दोनच हात

शिडाला वारा लागतो, गळाला स्थैर्य लागते आणि हिवाळ्यात माणसाला घर लागते. या तीन अगदी साध्या गरजा एकाच माणसाने, एकाच वेळी, साडेतीन मीटर लांबीच्या आणि पाऊण मीटर रुंदीच्या प्लास्टिकच्या होडीत बसून भागवायच्या ठरवल्या, की त्या उद्योगाला शिडाच्या कयाकमधून थंडीत तळ्यावर मासे पकडणे असे म्हणतात. मी हा उद्योग दर हिवाळ्यात करतो. का करतो, असे विचारणाऱ्यांना पूर्वी मी सविस्तर उत्तर देत असे. हल्ली मी त्यांनाच विचारतो, की येता का तुम्हीही, आणि विषय तिथेच मिटतो.

या प्रकाराला थोर परंपरा आहे, असे हा छंद लावणारे लोक सांगतात आणि ते खोटे नाही. जॉन मॅकग्रेगर नावाच्या स्कॉटिश वकिलाने १८६५ मध्ये कयाकच्या धर्तीवर बांधलेल्या एका छोट्या होडीला शीड लावून युरोपातल्या नद्या आणि सरोवरे पालथी घातली. हानेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरने तर १९५६ साली घडीच्या कयाकला शीड लावून ७२ दिवसांत अटलांटिक महासागर ओलांडला. एवढे ऐकल्यावर कोणालाही वाटते, की आपल्याला समोर दिसणारे तळे तर ओलांडायचे आहे. मॅकग्रेगर उन्हाळ्यात निघाला होता आणि लिंडेमानने उष्ण कटिबंधाची वाट धरली होती, ही बाब मात्र कोणी आपणहून सांगत नाही.

सर्वात आधी कपडे. आत उबदार गंजी, तिच्यावर लोकरी थर, त्यावर ड्रायसूट आणि त्यावर लाइफ जॅकेट असा हा थाट असतो. ड्रायसूटच्या मानेभोवती लॅटेक्सचा घट्ट पट्टा असतो, ज्यातून डोके बाहेर काढताना माणसाला आपल्या जन्माचा प्रसंग आठवत नसला, तरी त्याची कल्पना येते. हा सूट ऊब देत नाही, फक्त कोरडे ठेवतो. पण तो टाळता येत नाही, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीरातली उष्णता ओढून घेते. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले प्राध्यापक गॉर्डन गीझब्रेख्ट यांनी थंड पाण्यात पडलेल्या माणसासाठी एक सुटसुटीत हिशेब रूढ केला आहे : श्वासावर ताबा मिळवायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटे आणि शुद्ध हरपण्यापूर्वीचा साधारण १ तास. हे आकडे मला तोंडपाठ आहेत आणि घरी मी ते कधीही उच्चारलेले नाहीत.

पाण्यात उतरल्यावर पहिला प्रश्न वाऱ्याचा येतो. तळ्यावरचा वारा समुद्रावरच्या वाऱ्यासारखा एकमार्गी आणि सरळ स्वभावाचा नसतो. काठावरची झाडे, टेकड्या आणि घळी यांच्याकडून तो नाना सल्ले घेऊन येतो आणि दर दोन मिनिटांनी मत बदलतो. त्यातून थंड हवा जड असते. शून्य अंशाची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के अधिक घन असते, म्हणजे त्याच वेगाचा वारा हिवाळ्यात शिडाला तेवढा अधिक जोराने ढकलतो. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर चौपट होतो. पाण्यावरून एक काळसर, सुरकुतलेला पट्टा आपल्या दिशेने धावत येताना दिसतो, तो या चौपटीचा. तो येऊन पोहोचेपर्यंत दोन-तीन सेकंद मिळतात आणि तेवढ्यात शिडाचा दोर सैल सोडायचा असतो. म्हणूनच हा दोर कुठेही पक्का बांधून ठेवायचा नसतो. तो हातातच हवा.

इथे हातांचा हिशेब सुरू होतो. सुकाणू पायांनी फिरवता येते, ही त्यातल्या त्यात कृपा. पण शिडाच्या दोराला एक हात, काठीला एक हात, रिळाला एक हात आणि वल्ह्याला निदान दोन, असे किमान पाच हात असल्याशिवाय या कामाला हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. दोन हातांच्या माणसाला काठी मांड्यांमध्ये, वल्हे कडेच्या अडकणीत आणि दोर दातांत धरावा लागतो. ओला, थंड दोर दातांत धरलेला माणूस दुरून फार निश्चयी दिसतो. दोराची आणि काठीची मिळून गत अशी होते, की धरले तर चावते आणि सोडले तर पळते. त्यातले चावणारे कोणते आणि पळणारे कोणते, हे वाऱ्यावर ठरते.

शिवाय गळ फेकायचा असतो. उघड्या होडीतून गळ फेकणे ही सुंदर क्रिया आहे. इथे मात्र डोक्यासमोर डोलकाठी उभी असते, तिच्यावर सुमारे एक चौरस मीटर कापड ताणलेले असते आणि खोट्या आमिषाला तीन-तीन टोकांचे दोन गळ लटकत असतात. माशांना त्या आमिषाचे आकर्षण वाटो न वाटो, शिडाला ते फार वाटते. काटा कापडात घुसला, की तो ओढून चालत नाही, कारण कापड फाटते. तो आला त्याच वाटेने उलटा फिरवून काढावा लागतो. हातमोजा घालून ते जमत नाही. हातमोजा काढला, तर पहिली काही मिनिटे बोटे दुखतात आणि त्यानंतर ती दुखायची थांबतात, हे अधिक वाईट असते. एक काटा निघेपर्यंत वाऱ्याने शीड फडफडते आणि दुसरा काटा बाहीत रुततो. बाही ड्रायसूटची असते.

समजा, हे सगळे निभावले आणि आमिष पाण्यात पडले. आता वारा आणि मासा यांच्यात मेळ घालायचा असतो, जो निसर्गाने घातलेला नाही. मासा शीतरक्ताचा प्राणी. पाणी गार झाले, की त्याचे पचन, हालचाल, भूक, सगळेच मंदावते आणि समोरून झपाट्याने गेलेल्या वस्तूमागे धावणे त्याला परवडत नाही. त्याच्या नाकासमोरून आमिष अत्यंत सावकाश, जवळजवळ संकोचाने न्यावे लागते. इकडे बरा वारा असला, तर कयाक सहज ताशी पाच-सहा किलोमीटरने पळते आणि तळाशी असायला हवे ते आमिष मागे पृष्ठभागावर उड्या मारत येते. वारा पडला, तर माशाला हवा तो वेग मिळतो, पण मग शीड, डोलकाठी आणि तिचे सगळे दोरखंड हा निव्वळ बोजा उरतो. यावर उपाय म्हणून ड्रोग नावाची कापडी पिशवी मिळते, जी होडीमागे पाण्यात सोडली, की होडीचा वेग कमी होतो. तेव्हा पुढे शीड लावून वेग मिळवायचा, मागे पिशवी बांधून तो घालवायचा आणि मधोमध आपण थंडीत बसून राहायचे, ही या छंदातली प्रगत अवस्था समजली जाते.

मासे कुठे असतात, हेही पाहण्यासारखे आहे. गोडे पाणी सुमारे ४ अंशांना सर्वात जड असते. त्यामुळे हिवाळ्यात खोल तळ्याचा क्रम उलटा होतो : ४ अंशांचे पाणी तळाशी जाऊन बसते आणि त्याहून थंड पाणी वर तरंगते. त्याच्याही वर हवा असते, ती आणखी थंड. निसर्गाची ही व्यवस्था नसती, तर तळी तळापासून गोठली असती आणि मासे उरलेच नसते, हे मला मान्य आहे. पण तिचा अर्थ असा होतो, की त्या परिसरातल्या सर्वात उबदार जागी मासे असतात आणि सर्वात थंड जागी मी. फिश फाइंडर नावाच्या यंत्राच्या पडद्यावर ते दिसतातही. तळालगत स्वच्छ, ठळक रेघा उमटतात, म्हणजे मंडळी घरी आहेत आणि बाहेर पडण्याचा त्यांचा विचार नाही. थोड्या वेळाने थंडीने यंत्राच्या बॅटरीचा जीव अर्धा होतो आणि पडदा काळा पडतो, तेव्हा मला खरे तर सुटल्यासारखे वाटते.

पारा शून्याखाली उतरलेला असेल, तर तंगूस, म्हणजे गळाची दोरी, प्रत्येक वेळी गुंडाळताना आपल्याबरोबर थेंब आणते आणि ते थेंब काठीच्या कड्यांमध्ये गोठतात. शेंड्याचे कडे सर्वात बारीक, म्हणून तिथे आधी. डाळीच्या दाण्याएवढा पारदर्शक मणी तयार होतो, त्याच्या मधोमध तंगूस अडकते आणि फेकलेले आमिष हवेतच हिसका खाऊन होडीशेजारी पडते. नखाने तो मणी खरवडला, तर नाजूक कडे वाकते. यावर खरा उपाय असा, की काठीचा शेंडा तळ्याच्या पाण्यात बुडवून धरायचा, कारण ते पाणी काही झाले तरी शून्याच्या वर असते. ऊब मिळवण्यासाठी जवळजवळ गोठलेल्या पाण्याचा आधार घ्यावा लागतो, यावरून बाकीच्या परिस्थितीची कल्पना यावी.

आणि मासा लागतोच. तो नेमका तेव्हा लागतो, जेव्हा दिशा बदलण्यासाठी होडीचे नाक वाऱ्यातून पलीकडे वळत असते, शीड डोक्यावरून या बाजूचे त्या बाजूला जात असते आणि माझे वजन चुकीच्या अंगाला असते. काठी वाकते, दोर सुटतो, शीड मोकळे होऊन टाळ्या वाजवू लागते आणि त्या गजरात मी रीळ फिरवतो. वर येतो तो वीतभर पर्च : अंगावर गडद उभे पट्टे, पोटाकडचे पर नारिंगी आणि पाठीवरचा काटेरी पंखा पूर्ण उघडलेला. एवढ्या लहान माशाला सोडून देणे हा शिष्टाचार झाला. पण माशाला कोरड्या हाताने धरले, तर त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो, म्हणून त्याला स्पर्श करण्यापूर्वी हातमोजा काढून हात पाण्यात भिजवावा लागतो. मी तो भिजवतो. त्या पर्चने माझ्याकडे पाहिले, असे मी म्हणणार नाही. त्याला पापण्याच नसतात, तो सगळीकडेच पाहत असतो.

परतीची वाट वाऱ्याच्या तोंडावर असते. ती तशी का असते, याचे कारण सरळ आहे : जाताना वारा पाठीवर घेऊन मजेत गेलेलो असतो. शिडाची होडी थेट वाऱ्यात शिरत नाही, साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून तिला नागमोडी जावे लागते. त्यातून कयाक हलकी आणि उथळ, त्यामुळे ती पुढे जाते त्याहून अधिक बाजूला सरकते. समोरचा वारा आणि आपला वेग यांची बेरीज होऊन गालांवर बसते. बऱ्याच वळणांनंतर तेच झाड त्याच अंतरावर दिसले, की मी शीड गुंडाळतो आणि वल्हे मारत येतो. हिवाळ्यातला एवढाच भाग असा, ज्यात मला ऊब मिळते.

याच सुमारास शरीरही आपला मुद्दा मांडते. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्त आतल्या बाजूला गोळा होते, शरीराला वाटते की द्रव जास्त झाला, आणि मूत्रपिंडे तो तातडीने कमी करायला लागतात. थोडक्यात, जितकी थंडी अधिक, तितकी लघुशंका निकडीची. पुढच्या बाजूला सोयीची वेगळी चेन असलेले ड्रायसूटही असतात. माझा त्या पंथातला नाही. त्याची एकमेव चेन पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत आहे आणि ती दुसऱ्याच कोणीतरी ओढावी लागते. काठावर एक सद्गृहस्थ फिरायला आलेले होते. मी होडी कशीबशी वर ओढली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो.

“अहो, जरा माझी मागची चेन ओढता का?”

“मिळाले का काही?” त्यांनी विचारले.

“एक मिळाला, सोडून दिला. चेन जरा—”

“सोडून दिला?” त्यांनी चेनला हात घातला आणि पुन्हा काढून घेतला. “मग एवढा वेळ काय करत होतात?”

मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत थोडक्यात सांगितले. त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली, डोलकाठी हलवून पाहिली आणि शीड असल्यावर ही आपोआपच चालत असेल, म्हणजे आपल्याला नुसते बसायचे, असा निष्कर्ष काढला. मग ते चेनकडे वळले. ती निम्म्यावर अडली. “हिला मेण लावायला हवं,” ते म्हणाले, आणि ते खरे होते. “पण मला एक सांगा, हेच सगळं तुम्ही उन्हाळ्यात का नाही करत?”

त्याच क्षणी चेन सुटली. उन्हाळ्यात तळ्यावर फार गर्दी असते, हे उत्तर मी त्यांना स्वच्छतागृहाच्या दिशेने धावता धावता दिले.