बाहेरच्या पट्ट्या आणि ‘आयुष्यभर’ टिकण्याचा दावा

कोल्हापुरात घराचे काम काढलेल्या मंडळींमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा, की घराच्या दर्शनी बाजूस लाकूड लावणे म्हणजे कुजीला आणि वाळवीला आमंत्रण देणे होय. त्याऐवजी डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुगा आणि प्लॅस्टिक यांचे मिश्रण) किंवा पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावाव्यात, म्हणजे पाणी, ऊन, वाळवी आणि रंग यांची आयुष्यभर चिंता उरत नाही. आणि लाकडाचीच हौस असेल तर मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा म्हणून विकला जाणारा प्लायवुड, वापरावा, तो पाण्यात टाकला तरी चालतो.

लाकूड कुजतेच, हा पहिला मुद्दा. लाकडातील ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. त्यामुळे प्रश्न लाकूड भिजते का, यापेक्षा भिजल्यावर ते वाळते का, हा आहे. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत ज्या जुन्या घरांच्या लाकडी खिडक्या आणि झालरी अजून शाबूत आहेत, त्या नीट पाहिल्या तर दोन गोष्टी दिसतात : लाकूड सागाच्या गडद गाभ्याचे आहे, आणि वर रुंद वळचण आहे. सालीलगतचा फिकट भाग सागाचा असला तरी वाळवी खाते, आणि आज ‘साग’ म्हणून मिळणाऱ्या पट्टीत तोच भाग अनेकदा असतो. शिवाय नव्या बंगल्यांना वळचण नसते, जेमतेम छज्जा असतो. जुलै-ऑगस्टची झड पश्चिमेच्या भिंतीवर आडवी येते आणि पाणी थेट पट्टीवर बसते.

कूज बहुधा पट्टीच्या मध्यावर सुरू होत नाही, कापलेल्या टोकाशी होते. रंधा मारलेल्या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब काही काळ तसाच राहतो. टोकावर टाकलेला थेंब लाकडाच्या नळ्यांतून झटकन आत जातो. खिडकीच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या जिथे भिडतात, तिथेच रंग फुगलेला दिसतो तो यामुळे. सुतार पट्टी ठोकतो आणि रंगारी नंतर फक्त समोरची बाजू रंगवतो, हा आपल्याकडचा क्रमच चुकीचा आहे. ठोकण्यापूर्वी मागची बाजू आणि दोन्ही टोके धरून सर्व बाजूंना प्रायमर लागला पाहिजे.

डब्ल्यूपीसीला पाणी लागत नाही, हा दावा अर्धाच खरा आहे. त्यात लाकडाचाच भुगा असतो, त्याचे प्रमाण उत्पादकागणिक बदलते, आणि जिथे पट्टी कापली किंवा भोक पाडले तिथून तो हळूहळू ओलावा घेतो. वाळवीपुरता मात्र संदेश बव्हंशी बरोबर आहे : निव्वळ पीव्हीसीत तिला खाण्यासारखे काही नसते. तरीही पट्टीच्या मागून मातीची नळी करून ती आतल्या चौकटीपर्यंत जाऊ शकते, आणि मग ती उशिरा कळते.

उन्हाचा मुद्दा सर्वांत कच्चा आहे. गडद रंगाची पट्टी मे महिन्याच्या दुपारी सहज साठ अंशांवर तापते. पहाटेच्या तुलनेत तो पस्तीसेक अंशांचा फरक झाला, आणि तेवढ्यात तीन मीटरची पीव्हीसी पट्टी पाच-सहा मिलिमीटर वाढते. त्याच लांबीची सागवानी पट्टी त्या उष्णतेने जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. म्हणून डिसेंबरच्या थंडीत टोकाला टोक घट्ट भिडवून लावलेली पट्टी मे महिन्यात कमान धरते आणि स्क्रू उपटते. स्क्रूसाठी लांबट भोके आणि टोकांशी मोकळी फट ठेवली तर हे टळते, पण ‘लावा आणि विसरा’ म्हणणाऱ्याने हे सांगायला हवे होते.

रंगाबद्दल एवढेच : रंगीत पीव्हीसी उन्हाने फिकट पडते आणि उत्तरेच्या बाजूला पावसाळ्यात शेवाळ कशावरही धरते.

मरीन प्लायबद्दलचा दावा तर निव्वळ दिशाभूल आहे. आयएस 710 हे मरीन प्लायचे भारतीय मानक प्रामुख्याने थर जोडणारा चिकटा उकळत्या पाण्यात टिकावा, याची हमी मागते. उघडी कड बारमाही उन्हापावसात राहावी म्हणून तो प्लाय बनलेला नसतो.

संदेशात ज्याचे नावही नाही तो फायबर सिमेंटचा बोर्ड मला पश्चिमेच्या भिंतीसाठी अधिक योग्य वाटतो : त्याला वाळवी खात नाही, तो उष्णतेने फारसा वाढत नाही आणि रंग धरतो. मात्र कापलेल्या कडा रंगाने बंद कराव्या लागतात, आणि कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने कारागिराला मास्क द्यावा लागतो.

पंचगंगेच्या पुराचे पाणी 2019 आणि 2021 मध्ये ज्या घरांत शिरले, तिथे पाण्याच्या खुणेपर्यंत यांतले काहीच लावू नये. पोकळ पट्टीत शिरलेला गाळ ती उखडल्याशिवाय निघत नाही. काळ्या दगडाची किंवा कडप्प्याची पट्टी मात्र पाणी ओसरल्यावर नळीने धुता येते.