‘निःशंक हे तोंड वाजविले’ : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ या पत्राच्या शिरोभागी छापलेल्या तुकोबांच्या अभंगावरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि परखडपणे लिहिलेत, याबद्दल आपला आभारी आहे. आपले दोन आक्षेप आहेत. तो अभंग देवाशी बोललेला आहे, समाजाशी नव्हे; त्याला वृत्तपत्राच्या माथ्यावर बसवणे म्हणजे भक्तीला राजकारणाच्या कामाला जुंपणे होय आणि मी त्याचे कौतुक केले, हा पहिला. संतांनी जातिभेदाविरुद्ध लढा दिला नाही असे पुढे म्हणणाऱ्या बाबासाहेबांनी संतवचने सोयीपुरती वापरली, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपातील वस्तुस्थिती मला मान्य आहे आणि ती माझ्या लेखात यायला हवी होती. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या ‘मूकनायक’च्या शिरोभागी या अभंगाची पहिली दोनच कडवी होती: ‘काय करूं आतां धरूनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ॥ नव्हे जगीं कोणी मुकियांचा जाण । सार्थक लाजोनि नव्हे हित ॥’ अभंग इथे संपत नाही. पुढे तुकोबा म्हणतात, ‘आलें तें उत्तर बोलों स्वामीसवें’, आणि शेवटी, ‘तुका म्हणे मना समर्थासीं गांठी । घालावी हे मांडी थापटूनि.’ स्वामी म्हणजे विठ्ठल आणि समर्थही तोच, हे आपले म्हणणे बरोबर आहे.

पण त्या शेवटच्या चरणापाशी जरा थांबून पाहावे, अशी माझी विनंती आहे. मांडी थापटणे ही आखाड्यातली क्रिया आहे. जोडीला उभे राहण्यापूर्वी पैलवान जे आव्हान देतो, ते तुकोबा देवाला देत आहेत. भक्ताने पायाशी लोळण घ्यावी ही भक्तीची एक रीत झाली, समर्थाच्या डोळ्याला डोळा भिडवून जाब विचारावा ही दुसरी, आणि मराठी भाषेत ही दुसरी रीत देवघरातच वाढली. ज्या भाषेत थेट परमेश्वराची भीड मोडता येते, त्या भाषेत सावकाराची, पाटलाची किंवा शास्त्र्याची भीड मोडण्यासाठी नवे शब्द घडवावे लागत नाहीत. १९२० साली बहिष्कृतांचे पत्र काढताना बाबासाहेबांना ‘मुकियांचा’ हा शब्द तीनशे वर्षांपूर्वीच्या अभंगात तयार मिळाला, ही मला केवळ सोय वाटत नाही. तो त्यांच्या हक्काचा वारसा होता.

शिवाय तुकोबांच्या हयातीत तरी भक्ती आणि सत्ता यांच्यामध्ये आपण म्हणता तशी भिंत कुठे होती? शूद्राने वेदार्थ सांगू नये या आक्षेपापायी त्यांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, ही कथा वारकरी परंपरेनेच जपली आहे. ‘वेदांचा तो अर्थ आम्हांसीच ठावा । येरांनीं वहावा भार माथां’ हे विधान आध्यात्मिक आहे, यात शंका नाही. पण अर्थ कोणाचा आणि ओझे कोणाचे हा त्यातला प्रश्न सत्तेचा आहे आणि तो कोणी राजकारण्याने बाहेरून आणून घातलेला नाही.

आपल्या मनातली एक भीती मात्र मी गंभीरपणे घेतो. संतांना आपापल्या पक्षाच्या तागडीत तोलण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासग्रंथात संतांच्या चळवळीला स्वराज्याच्या उभारणीचे श्रेय दिले आणि युरोपातल्या धर्मसुधारणेशी तिचे नाते जोडले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी उलट बाजू घेतली आणि वारकऱ्यांच्या सहिष्णू धर्माला कमी लेखून रामदासांच्या जयिष्णू, म्हणजे विजयाची आकांक्षा धरणाऱ्या, धर्माला मान दिला. दोघेही मोठे, पण या वादात अभंगाचा शब्द हरवतो आणि स्वराज्याला उपयोग किती झाला एवढेच माप उरते. या वाचनाला आपण ‘जुंपणे’ म्हणाल, तर मी आपल्या बाजूने उभा राहीन.

बाबासाहेबांचे वाचन वेगळे ठरते, ते शब्दाला धरून राहते म्हणून. ३ एप्रिल १९२७ रोजी, चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, त्यांचे ‘बहिष्कृत भारत’ हे पत्र सुरू झाले आणि त्याच्या शिरोभागी ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायातील ओव्या आल्या: ‘आतां कोदंड घेऊनि हातीं । आरूढ पां इये रथीं’. त्यांतच ‘स्वधर्माचा मानु वाढवीं’ असे आहे. गीतेच्या परंपरेत स्वधर्म या शब्दाला वर्णाने नेमून दिलेल्या कर्माचा अर्थ घट्ट चिकटलेला आहे, आणि याच शब्दाच्या आधारे पिढ्यानपिढ्या माणसांना जागच्या जागी बसवले गेले. तोच शब्द बहिष्कृतांच्या पत्रावर येतो, तेव्हा त्याचे तोंड फिरते: ज्याला रथाजवळही उभे राहू दिले नसते, त्याला रथावर चढायला सांगितले जाते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. एका ग्रंथाला माथ्यावर घेणारी आणि दुसऱ्याला अग्नी देणारी माणसे तीच होती. त्यांनी धर्मग्रंथ सरसकट स्वीकारले नाहीत की सरसकट टाकले नाहीत, तर निवडून वाचले, आणि निवडणे हे वाङ्मयीन विवेकाचेच काम आहे.

आता दुसरा आक्षेप. जातिभेद निर्मूलनावरील बाबासाहेबांच्या १९३६ सालच्या प्रबंधावर गांधीजींनी टीका केली. तिला उत्तर देताना त्यांनी लिहिले की, संतांचा विषय माणूस आणि देव यांच्यातील नाते हा होता, माणसामाणसांतील झगडा हा नव्हता. पुढे १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथ मात्र त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला. मला यात विसंगती दिसत नाही. संतांनी वाणी दिली, पण हक्क मिळवून दिले नाहीत, हा हिशेब त्यांनी चोख मांडला आणि वाणीचे ऋण नाकारले नाही.

हे मला चोखोबांमुळे उमगले. आमच्या गावी काकड्याला ‘जोहार मायबाप जोहार । तुमच्या महाराचा मी महार’ म्हटला जाई आणि लहानपणी मला त्याची चाल फार आवडे. जोहार हे वरिष्ठांपुढे वाकून करायचे वंदन होते, तो शब्द सोडण्यासाठी माणसांना झगडावे लागले आणि त्या जागी पुढे ‘जयभीम’ आला, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आता तो अभंग ऐकताना चाल तितकीच गोड लागते आणि पहिल्याच शब्दाला घशात काहीतरी अडकते. ते अडकणे भक्तीच्या विरोधात आहे असे मी मानत नाही.

पंढरपूरला महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे आणि समोरच नामदेवांची पायरी. हे अंतर मी चालून पाहिले आहे; मोजकी पावले आहेत. ज्यांच्या समाधीला वारकरी हात लावून आत जात, त्यांच्याच जातीच्या माणसांना ती पायरी ओलांडता येत नव्हती. साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून दहा दिवस उपोषण केले, तेव्हा ती वाट मोकळी झाली. तोवर बाबासाहेब नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही येवल्याची घोषणा मागे टाकून पुष्कळ पुढे गेले होते. त्या मोजक्या पावलांवर भक्ती कुठे संपते आणि राजकारण कुठे सुरू होते, हे मला तरी दाखवता येणार नाही.

आपण दाखवून दिलेली उणीव मी दुरुस्त करीत आहे. मूळ लेखात आता अभंगाची चारही कडवी असतील, आणि शिरोभागी पहिली दोनच होती व ‘स्वामीसवें’ हा शब्द गाळलेल्या भागात आहे, असे त्याखाली स्पष्ट नोंदवीन. ‘तुकोबांनी समाजाला उद्देशून म्हटले’ हे माझे वाक्य चुकीचे होते. ते मी काढून टाकले आहे.