घरचं लाभक्षेत्र

आमचे सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, हे खात्याला मान्य आहे, नानांना नाही. खात्याने कालवे काढून घेतले तेव्हा त्यांनी आमची गच्ची लाभक्षेत्र, म्हणजे कालव्याचं पाणी मिळणारी जमीन, म्हणून जाहीर केली. आम्ही राहतो छत्रपती संभाजीनगरात. शंभर टीएमसीचं जायकवाडी धरण इथून पन्नासेक किलोमीटरवर, पण नळाला पाणी येण्याचा दिवस पंचांगात बघावा लागतो. अशा गावात कुंड्या ठेवणं ही चैनच. ती नानांनी कायद्याच्या चौकटीत बसवली.

पहिल्याच आठवड्यात बागेचा पाइप कुलूपबंद झाला. पाणी तांब्याने, तेही सूर्य वर यायच्या आत. "पाइप म्हणजे मोकाट सिंचन," असं म्हणताना त्यांचा चेहरा असा होतो की पाइप विकत आणणारा माझा नवरा आपोआप दुसऱ्या खोलीत जातो.

पाणी द्यायचं ते टेल टू हेड, म्हणजे शेवटच्या कुंडीपासून सुरुवात. कालव्याच्या तोंडाशी असलेला आधी भिजवून घेतो आणि टोकाच्या माणसाला नुसती ओली चारी बघायला मिळते, हे त्यांनी नोकरीभर पाहिलंय. त्यामुळे जिन्याशेजारचा मोगरा माना टाकून उभा असला तरी त्याला ओलांडून पार कोपऱ्यातल्या कढीपत्त्याकडे जावं लागतं. एकदा मी पुदिना लावायचं मनात आणलं.

"सूनबाई, नमुना नंबर सात भरला का?"

कालव्याचं पाणी मागायचा तो अर्ज. मला वाटलं गंमत करताहेत. त्यांनी वही काढली. पीक, क्षेत्र, मागणी, सगळे रकाने आखलेले. "पुदिना. हंगामी. अर्धा तांब्या, दिवसाआड. मंजूर." खाली सही. पाणीपट्टी म्हणून रोज संध्याकाळी एक कप चहा जास्तीचा.

आता पाणी आणायचं कुठून? तांदूळ धुतल्याचं, भाज्या धुतल्याचं, आणि पिण्याचं पाणी शुद्ध करणारं ते यंत्र नळीतून जे बाहेर टाकतं ते. शेवटच्यात क्षार उतरलेले असतात म्हणून ते साध्या पाण्यात मिसळूनच द्यायचं. धुण्याचं पाणी गच्चीवर चढवायला सक्त मनाई, कारण साबणातल्या सोडियममुळे मातीचा दगड होतो. ते मागच्या मोरीतून कर्दळीला आणि अळूला. परिणामी आमचा अळू बारमाही बागायती आहे आणि आम्ही बारमाही अळूचं फतफतं खातो. माहेरी गेले की आई प्रेमाने विचारते, अळूवड्या करू का. मी विषय बदलते.

खरी भानगड समन्यायी वाटपाची. पाणी तयार होतं माझ्या स्वयंपाकघरात, म्हणून मी वरचं नाशिक. सासूबाईंची तुळस खाली अंगणात, म्हणून त्या खालचा मराठवाडा. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असला तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हा निकष नानांनी जसाच्या तसा अंगणातल्या बादलीला लावला. बादली अर्ध्यावर आली की खालून हाक येते, "अहो, वरून अडवलंय!" मी वरून सांगते की आज खिचडीच केलीय, तांदूळ मूठभरच धुतले. "वाटेतली गळती किती धरली?" हा प्रश्न नाना दोन्ही बाजूंना विचारतात. शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला: तुळशीला रोज पाणी घालणं हा धर्म आहे, तेव्हा ते पिण्याच्या पाण्याच्या आरक्षणातून जाईल. नानांना खात्यात इतका हजरजबाबी वकील भेटला नसावा, कारण ते गप्प बसले.

त्यांचा राग यावा तर तसाही येत नाही, कारण बाग जगलीय. उन्हाळ्यात गल्लीतल्या पाइपवाल्यांच्या कुंड्या पिवळ्या पडतात आणि आमच्या हिरव्या असतात. "झाडाला पाणी नको, वाफसा हवा," हे त्यांचं पालुपद. म्हणजे मुळाशी ओलही हवी आणि हवाही. आधी मातीत बोट पेरभर खुपसायचं, ओल लागली तर तांब्या खाली ठेवायचा. लोक झाडं तहानेने कमी आणि मायेने जास्त मारतात, हे माझंही मत झालंय. मातीवर नारळाच्या शेंड्या आणि कडुनिंबाचा वाळका पाला पसरलेला असतो, मोठ्या कुंड्यांत छोटी मडकी गळ्यापर्यंत पुरलेली. मडकी पाझरत राहतात, मुळं हवं तेवढं घेतात. पाहुण्यांना मात्र गच्चीवर कुणाचे तरी दिवस घालायचे राहिलेत असं वाटतं.

लिंबाच्या ड्रमला ते मोसंबीवाल्यांसारखा बहारासाठी ताण देतात. पाणी तोडतात, पानं गळेपर्यंत. त्या दिवसांत मी लपून अर्धा तांब्या ओतला तर वहीत 'अनधिकृत उपसा' अशी नोंद होते. पोरं आजोबांना फितूर आहेत.

यंदा मृगाचा पहिला पाऊस रात्री आला. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पडला तरी नऊशे लिटरच्या वर पाणी मिळतं, हा हिशेब आम्हाला पाठ. सगळे उठून पन्हाळीखाली पिंप, पातेली, बाळाचा टब मांडत सुटलो. तासाभरात सगळं भरून वाहायला लागलं. नाना छत्री घेऊन कठड्याशी उभे, चेहऱ्यावर थेट जायकवाडीचे २७ दरवाजे उघडल्याचं तेज.

"सूनबाई, विसर्ग सुरू करावा लागतोय. खालच्यांना सतर्कतेचा इशारा द्या, स्कूटर हलवा म्हणावं."

रात्रीचे दोन वाजले होते. मी फोन लावला.